चित्र झालं का रे?

पेण तालुक्यात कलेबद्दल मत नसलेला माणूस सापडणं कठीण. हमरापूर, जोहे, कळवे या पट्ट्यात घरटी गणपतीचा कारखाना. पोराला बाराखडी यायच्या आधी सोंडेचं वळण कळतं. शाळेत बाईंनी नुसता हत्ती काढायला सांगितला तरी अर्धा वर्ग त्याला मुकुट चढवून, हातात मोदक देऊन मोकळा होतो. त्यामुळे इथे कलेची पारख करायला समीक्षक लागत नाही. कसोट्या ठरलेल्या आहेत. सोंड कुठल्या अंगाला आहे, पोटाचा घेर जमलाय का, पीतांबराच्या चुण्या बसल्यात का, आणि सगळ्यात मोठी कसोटी म्हणजे मूर्ती आपल्याकडे बघते का. त्या बघण्यासाठी कारखान्यात डोळ्यांची आखणी करणारा वेगळा माणूस असतो. बाकीच्यांना मजुरी मिळते, त्याला मजुरी आणि मान दोन्ही मिळतात. त्याने बारीक ब्रश उचलला की रेडिओचा आवाजसुद्धा कमी करतात.

अशा तालुक्यात अमूर्त चित्रकार व्हायला एकतर छाती लागते, नाहीतर बायकोला पर्मनंट नोकरी लागते. आमच्या गडबच्या चित्रकाराकडे दोन्ही आहे.

वडखळच्या नाक्यावर अलिबागला जाणारी शनिवारची गर्दी उजवीकडे वळली, की गोव्याच्या रस्त्याला थोडं पुढे गडब. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खारेपाट, मधून महामार्ग. या चित्रकाराचं नाव मी इथे छापणार नाही. छापलं तर त्याची आई मला पोह्याचे पापड द्यायची बंद करेल, आणि पेणचा पापड गमावण्याइतकी मोठी कला माझ्या तरी पाहण्यात नाही. त्यांच्या घरामागे गोठा होता. गुरं विकली गेली, गोठा उरला, त्याचा स्टुडिओ झाला. गव्हाणीत आता रंगाचे डबे असतात, दाव्याच्या खुंट्यांना ब्रश टांगलेले असतात आणि पावसाळ्यात शेणाचा जुना वास परत येतो. त्या गोठ्याची खिडकी माझ्या परसात उघडते. त्यामुळे मराठी अमूर्त चित्रकलेचा एक अख्खा अध्याय मी लेंगे वाळत घालता घालता पाहिलेला आहे.

त्याच्या कामाला मिक्स्ड मीडिया म्हणतात. म्हणजे एकाच चित्रात रंगाशिवाय घरात, गोठ्यात आणि गावात जे जे हाताला लागेल ते सगळं. साहजिकच त्याचा दिवस भंगारवाल्यापासून सुरू होतो. फाटकं जाळं, गोणपाट, सुंभ, गंजलेल्या बिजागऱ्या, मतदार यादीची जुनी पानं, कुणाच्या तरी लग्नाच्या पत्रिका. भंगारवाला पूर्वी गावातून माल घेऊन जायचा. आता येताना थोडा घेऊन येतो. चित्रकाराची बायको एकदा म्हणाली, "काका, लोकांच्या घरातून भंगार बाहेर जातं, आमच्या घरात ते पैसे देऊन आत येतं." यावर चित्रकाराने तिला कर्ट श्वीटर्सची गोष्ट सांगितली. हा जर्मन गृहस्थ पहिल्या महायुद्धानंतर रस्त्यावरची तिकिटं, वेष्टणं, लाकडाचे तुकडे गोळा करून चित्रं करायचा. एका बँकेच्या जाहिरातीचा तुकडा चित्रात चिकटवला होता, त्यावरच्या 'कोमेर्त्स' या शब्दाचं शेपूट उरलं 'मेर्त्स', तेच त्याने 1919 च्या सुमारास आपल्या सगळ्या कलेचं नाव ठेवलं. बायकोने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्याची बायको काय म्हणायची?" तेवढं मात्र चित्रकाराने वाचलेलं नव्हतं.

खरं तर ही चिकटवाचिकटवी जुनी आहे. 1912 मध्ये पिकासोने एका चित्रात खुर्चीच्या वेताच्या विणीची छपाई असलेलं मेणकापड चिकटवलं आणि चित्राला चौकट म्हणून सुंभाचा दोर गुंडाळला. पॅरिसमध्ये त्यावरून विचारवंतांची झोप उडाली. गडबला दोर गुंडाळायला कुणाची हरकत नाही, फक्त तो कुणाच्या होडीचा आहे एवढं आधी विचारून घ्यावं लागतं.

आता हे सगळं चिकटतं कशावर आणि कसं, हा भाग मला फार आवडतो, कारण इथे कलेचा संबंध सुतारकामाशी येतो आणि मला थोडंफार बोलता येतं. कॅनव्हास लवचीक असतो. त्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसचा थर दिला की कॅनव्हास हलतो आणि प्लास्टर हलत नाही. मग ते तडकतं आणि खपल्या पडतात. म्हणून जड काम प्लायवर करायचं. प्लायवर आधी जेसोचे हात, म्हणजे पांढरा खरखरीत लेप, म्हणजे पुढचं सगळं धरून राहतं. त्यावर फेव्हिकॉल. पुढे प्रत्येक मालाचा स्वभाव वेगळा. अॅक्रिलिकमधलं पाणी उडालं की ते वाळलं. तेलरंग असा वाळत नाही. त्यातलं तेल हवेतला प्राणवायू घेत घेत आठवडेच्या आठवडे घट्ट होत राहतं. अॅक्रिलिकवर तेलरंग चालतो, तेलरंगावर अॅक्रिलिक चढवलं की ते साल सुटावी तसं सुटतं. प्लास्टर पाण्यात कालवलं की गरम होतं आणि दहा-पंधरा मिनिटांत दगड. शाडू त्याच्या उलट. ती सावकाश वाळते, आणि वाळताना आकसते, आणि आकसताना तडे देते. चित्रकाराच्या चुलतभावाच्या गणपतीच्या कारखान्यात तडा गेला की मूर्ती बाद. या गोठ्यात तडा गेला की चित्रकार मागे सरकून म्हणतो, "वा!"

हा चुलतभाऊ हमरापूरला असतो आणि या लेखात त्याला फार महत्त्व आहे, पण तो पुढे.

जून ते सप्टेंबर गडबच्या हवेत काहीच वाळत नाही, माणूससुद्धा. गोणपाट फेव्हिकॉलसकट दमट राहतो आणि आठवड्याभरात त्यावर बुरशी धरते. आधी पांढरी, मग राखाडी-हिरवी, कडेला मखमली. मुंबईहून आलेल्या एका रसिकाने त्या कोपऱ्याची तोंडभर स्तुती केली. "इथला टेक्श्चर तुम्ही कसा साधलात?" चित्रकार म्हणाला, "प्रोसेस आहे." खोटं नव्हतं ते. फक्त प्रोसेस बुरशीची होती.

रंगाच्या बाबतीत मात्र हे गाव उदार आहे. लाल रंगासाठी जगभरचे चित्रकार पिढ्यानपिढ्या गेरू वापरत आले, म्हणजे लोखंडाचा ऑक्साइड असलेली माती. गडबला ती विकत आणावी लागत नाही. पनवेल ते इंदापूर महामार्गाच्या चौपदरीकरणाचं काम 2011 पासून चाललेलं आहे. ओला बोर्ड ओसरीवर चार दिवस ठेवला की त्यावर रस्त्याच्या धुळीचा तांबूस-करड्या रंगाचा असा काही एकसारखा हात बसतो की स्प्रे मशीनने बसणार नाही. मूर्त जगातल्या लोकांनी या धुळीपायी नाकाला रुमाल बांधले. आमच्या चित्रकाराने तिची एक मालिका केली. मालिका पूर्ण झाली. रस्त्याचं मी सांगत नाही.

आणि खारेपाट. एप्रिल-मे मध्ये तो बघावा. बांधाला कुठेतरी खांड गेलेली असते, उधाणाचं पाणी शेतात शिरून आटलेलं असतं, मिठाची पांढरी किनार राहिलेली असते आणि काळी जमीन तडकून तिची फरशी झालेली असते. चित्रकार तासन् तास त्या बांधावर उभा राहतो. एकदा तलाठ्याच्या ऑफिसात निरोप गेला, की एक माणूस रोज खांडीचे फोटो घेतोय, पंचनाम्याला आलेला असणार. दोन शेतकरी सातबारा घेऊन त्याच्या मागे लागले. नुकसानभरपाई कधी मिळणार? त्याने त्यांना चित्रं दाखवली. त्यातल्या एकाने बारकाईने बघितलं आणि आपलं शेत ओळखलं. तो त्याच्या कारकिर्दीतला सगळ्यात मोठा पुरस्कार आहे, असं चित्रकार सांगतो. शेतकऱ्याला मात्र भरपाईच हवी होती.

एक चित्र मी सुरुवातीपासून पाहिलं. तांदळाचं पोतं उसवून त्याने प्लायवर फेव्हिकॉलने बसवलं आणि ते सपाट बसावं म्हणून वर आईचा पाटा ठेवला. दोन दिवस त्या घरात चटणी झाली नाही. पोत्यावर छापील अक्षरं होती, तांदळाचं नाव, वजन, बाकीचं पुसट. त्यावर प्लास्टर पातळ करून ओतलं आणि ते घट्ट होईपर्यंतच्या त्या दहा मिनिटांत केसांच्या फणीने ओरखडे काढले. ती दहा मिनिटं म्हणजे त्याचं रूप वेगळं असतं. एरवी पाण्याचा तांब्या उचलायला आळस करणारा माणूस कोलीम पकडायला निघाल्यासारखा वाकून सपासप हात मारत होता. मग घासकागद. घासता घासता पोत्यावरची अक्षरं इथे तिथे वर आली. त्याने सगळी बुजवली, फक्त 'किलो'तला 'लो' ठेवला. मी विचारलं, "एवढंच का?" तर म्हणाला, "काका, तेवढंच राहायला मागत होतं." मग निळा. असा निळा की श्रावणात दोन सरींच्या मध्ये डोंगरामागे दिसतो तो. मी लेंगा हातात धरून तसाच उभा राहिलो. म्हटलं, झालं चित्र, आता याला हात लावू नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून पाहिलं तर सगळं पांढरं.

"अरे, कालचा निळा?"

"खाली आहे."

"दिसत नाही."

"पण आहे ना, काका."

आमच्या महामार्गाचं खडीकरणही असंच आहे. दिसत नाही, पण आहे. फरक एवढाच की चित्रकाराने त्याचं बिल लावलेलं नाही. नंतर त्याने तो पांढरा ओल्या फडक्याने जागोजागी पुसला, आणि एका बाजूने निळा परत वर आला, कालच्यापेक्षा कमी आणि कालच्यापेक्षा चांगला. हे मला कबूल करावं लागलं आणि ते मला अजून आवडलेलं नाही.

पण या सगळ्या हातघाईला दिवसाचा फारच थोडा वेळ जातो. बाकीचा वेळ तो प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून चित्राकडे बघतो. चहा पितो, बघतो. बोर्ड आडवा करतो, बघतो. उलटा करतो, बघतो. डोळे किलकिले करून बघतो. आई दारातून डोकावून विचारते, "यो काय हाय रं?" तो म्हणतो, "अजून ठरत नाही." आई म्हणते, "मना त नाय समजत. काम कर म्हटला का बघत बसतंय." गावात असा समज आहे की त्याला काम मिळत नाही म्हणून तो बसून असतो. वास्तविक तो बसून असतो तेव्हाच काम चाललेलं असतं, पण हे गावाला पटवायचं म्हणजे आधी ग्रामपंचायतीच्या सदस्यांना पटवायला पाहिजे, आणि त्यांना ते एकदा पटलं की पंचाईत होईल.

बघत बसण्यातला सगळ्यात मोठा मराठी माणूस म्हणजे वासुदेव गायतोंडे. मूळ गोव्याचे, जन्म 1924 चा नागपूरचा, वाढले गिरगावातल्या चाळीत, शिकले जे. जे.त, पुढे दिल्लीला निजामुद्दीनमध्ये राहिले. हा माणूस दिवसचे दिवस कोऱ्या कॅनव्हाससमोर विचार करायचा. रोलर आणि पॅलेट नाइफने रंग चढवायचा, खरवडायचा, मासिकांचे फाडलेले कागद ओल्या रंगावर दाबून उचलायचा, आणि वर्षाकाठी मोजकीच चित्रं करायचा. चित्राला नावही द्यायचा नाही. 2013 च्या डिसेंबरात ख्रिस्टीजने मुंबईत पहिला लिलाव केला, तेव्हा त्यांचं एक निनावी चित्र 23 कोटी 70 लाखांना गेलं. गायतोंडे 2001 साली वारले होते, त्यामुळे त्यांना या आकड्याचा त्रास झाला नाही. त्रास आमच्या चित्रकाराला झाला. ही बातमी आईच्या कानावर गेली. नाक्यावरच्या मंडळींनी त्या आकड्याला लगेच गुंठ्याच्या भावाने भागलं आणि चित्राचे एकर काढले. तेव्हापासून तो खुर्चीत बसला की आई कुणाला मोठ्याने बोलू देत नाही. फक्त अधूनमधून विचारते, "आला का रं कोणी इकत घेवाला?"

लांब कशाला, याच जिल्ह्यातल्या नागावला, अलिबागजवळ, 1936 साली प्रभाकर बरवे जन्मले. जे. जे.त शिकून ते विणकर सेवा केंद्रात नोकरीला लागले, तिथून काही वर्षं बनारसला गेले, तंत्राच्या आकृत्या घेऊन परत आले. पुढे त्यांनी कॅनव्हासवर एनॅमल वापरला, म्हणजे आपण दारं-खिडक्यांना लावतो तो डब्यातला चकचकीत रंग. त्यांचं 'कोरा कॅनव्हास' हे पुस्तक चित्र डोक्यात कसं उगवतं याबद्दल आहे, आणि ते मराठीत आहे, ही गोष्ट आपण मराठी लोकांनी आजवर फारशी कुणाला कळू दिलेली नाही. बरव्यांच्या नात्यातले आजोबा म्हणजे सासवण्याचे शिल्पकार नानासाहेब करमरकर. पोरवयात त्यांनी देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचं चित्र काढलं होतं. ते कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या नजरेला पडलं आणि त्यांनी मुलाला मुंबईला जे. जे.त धाडायची सोय केली. पुढे 1928 मध्ये त्यांनी घडवलेला महाराजांचा अश्वारूढ पुतळा पुण्यात उभा राहिला. हल्ली भिंतीवरचं चित्र सरकारी माणसाच्या नजरेला पडलं तर आधी विद्रूपीकरणाची नोटीस येईल.

करमरकरांच्या घरात गणपती होत, बरव्यांपर्यंत येता येता नुसता आकार आणि अवकाश उरला. दोन पिढ्यांत केवढा प्रवास. चित्रकार ही वंशावळ पाहुण्यांना फार अभिमानाने सांगतो. ते लोक त्याचे कुणी लागत नाहीत.

बोकडाचं सांगायला हवं. अमेरिकेत रॉबर्ट राउशेनबर्ग नावाच्या चित्रकाराने जुन्या सामानाच्या दुकानातून पेंढा भरलेला अंगोरा बोकड आणला आणि तो चित्रात कसा बसवायचा यावर 1955 ते 1959 डोकं लढवलं. शेवटी त्याच्या कमरेत मोटारीचा टायर अडकवला आणि रंगवलेल्या बोर्डावर त्याला उभा केला. आज तो स्टॉकहोमच्या संग्रहालयात आहे. हे ऐकून आमच्या चित्रकाराच्या अंगात वारं शिरलं. त्या आठवड्यात त्याला फेव्हिकॉल सोडून तांदळाची खळ वापरायची हुक्की आली होती, का तर माध्यम मातीशी इमान राखणारं हवं. खळीने त्याने फणसाची वाळलेली पानं आणि पेंढा बोर्डावर बसवला, आणि बोर्ड उन्हाला टेकवून जेवायला गेला. राउशेनबर्गने चित्रात बोकड घातला, इथे शेजारच्या बोकडाने चित्र आत घातलं. खालचा अर्धा भाग साफ. वर बोकडाचा मालक दम द्यायला आला, की जनावराला काही झालं तर भरून द्यावं लागेल. जनावराला काही झालं नाही. उरलेला अर्धा भाग चित्रकाराने कडेच्या दातांच्या खुणांसकट फ्रेम केला आणि तो पुण्यात विकला गेला. हे बोकडाच्या मालकाला कुणी सांगू नये.

मूळ अडचण आहे ती चित्र संपवण्याची. सुरू कुणीही करेल.

थंडीत आमच्याकडे शेतात पोपटी लागते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, वरून पुन्हा पाला, आणि मडकं उपडं घालून भोवती जाळ. मिक्स्ड मीडियाच तो. पण ती झाली हे कळायला उपाय आहे. तापल्या मडक्यावर पाण्याचा थेंब टाकायचा, चर्रकन उडाला की झाली. त्यावर वाद होत नाही. चित्रावर पाणी टाकून काही कळत नाही, उलट नवीन डाग पडतो आणि मग त्या डागाचं काय करायचं यात महिना जातो.

चुलतभावाचं याहून सोपं आहे. साच्यातून मूर्ती निघते, ओल्या ब्रशने साफ होते, वाळते, पांढरा हात, अंगाचा रंग, पीतांबर, दागिन्यांची सोनेरी, आणि शेवटी आखणी. डोळे झाले की मूर्ती झाली. आणि नाही झाली तरी भाद्रपद शुद्ध चतुर्थी ठरल्या दिवशी येणार आहे, ती कुणासाठी पुढे ढकलता येत नाही. एकदा गोठ्यात येऊन त्याने ते पांढरं-निळं चित्र बराच वेळ बघितलं. आम्हाला वाटलं आता हसणार. तो हसला नाही. म्हणाला, "चांगलं आहे. पण याला डोळे नाहीत, म्हणून तुला कळत नाही कुठे थांबायचं. आणि याची चतुर्थी पण नाही." एवढं नेमकं बोललेलं मी कुठल्या कॅटलॉगात वाचलेलं नाही.

चित्राची चतुर्थी म्हणजे प्रदर्शन. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीची तारीख मिळायला वर्षं जातात. मिळाली की चित्रं आपोआप पूर्ण व्हायला लागतात. कारागीर आणि कलावंत यांच्यात फरक असेल, तारखेपुढे दोघे सारखे. शेवटच्या आठवड्यात गोठ्यात रात्री दोनला दिवा असतो आणि महिनाभर 'अजून ठरत नाही' म्हणणारा माणूस एका रात्रीत तीन-तीन चित्रं ठरवून मोकळा होतो.

मग निवेदन लिहायचं असतं. एरवी हा माणूस साधं, सरळ मराठी बोलतो. पण निवेदनाचा कागद पुढे आला की त्याच्या अंगात कोण शिरतं कळत नाही. "अस्तित्वाच्या पोकळीत रुजलेल्या कृषिस्मृतींचे पापुद्रे अवकाशाशी संवाद साधताना..." मी विचारलं, "यात पोतं कुठे आहे?" तर पापुद्र्यांवर बोट ठेवलं. मी म्हटलं, लिही ना की पोतं चिकटवलं, प्लास्टर ओतलं, आईच्या पाट्याखाली दोन दिवस ठेवलं, निळा दिला, पांढरा दिला, पुसला. लोक उभं राहून वाचतील. तो म्हणाला, "काका, मग ते गंभीरपणे घेणार नाहीत." या बाबतीत त्याचं बरोबर आहे, अशी मला भीती वाटते.

चित्रं टेम्पोतून जातात. वडखळपासूनच्या खड्ड्यांत प्लास्टरच्या कामाची खरी परीक्षा होते, आणि खारपाड्याच्या पुलापर्यंत जे टिकतं ते न्यूयॉर्कलाही टिकेल. टेम्पोवाल्याने एकदा दोरी सोडताना विचारलं, वरची बाजू कुठली? चित्रकाराने मागे काढलेला बाण दाखवला. हा बाण फार महत्त्वाचा. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात 1961 मध्ये मातीसचं 'होडी' हे चित्र 47 दिवस उलटं टांगलेलं होतं. तज्ज्ञ, रखवालदार, हजारो प्रेक्षक समोरून गेले, आणि चूक पकडली ती शेअर दलालीतल्या एका बाईंनी. मोंद्रियानचं रंगीत चिकटपट्ट्यांचं एक चित्र तर पाऊणशे वर्षं उलटं टांगलंय असं 2022 मध्ये सांगितलं गेलं, पण ते सुलटं करता येईना, कारण पट्ट्या जुन्या झाल्या आहेत, फिरवलं तर गळून पडतील. हे मी चित्रकाराला मुद्दाम ऐकवलं. त्याने त्याच दिवशी सगळ्या चित्रांचे बाण ठळक केले.

जहांगीरला गावातून एक गाडी गेली होती. मंडळी सगळ्या दालनातून फिरली, एसीत बसली, अभिप्रायाच्या वहीत 'छान', 'अतिशय छान' आणि 'गडबचे नाव रोशन केले' असं लिहिलं. बोर्डाच्या कडेला 'मिश्र माध्यम, प्लायवर' अशी चिठ्ठी होती. आईने ती सुनेकडून वाचून घेतली आणि चारचौघांत म्हणाली, "यो माझा पाटा ज्याच्यावर होता, तो." त्या पोत्याच्या चित्रासमोर नंतर दिवसभर गर्दी राहिली, कारण प्रत्येक येणाऱ्याला कुणीतरी ते सांगत होतं. माझं अजूनही म्हणणं आहे की निवेदनात पाटा लिहायला हवा होता.

आता एक गोष्ट सांगून टाकतो. आषाढ लागला की गोठ्याला कुलूप लागतं. काहीच वाळत नाही हे एक कारण, आणि दुसरं कारण हमरापूरला असतं. चुलतभावाच्या कारखान्यात आषाढ-श्रावणात डोळ्यांची आखणी आमचा चित्रकार करतो. रोज ओळीने मांडलेल्या मूर्ती, हातात बारीक ब्रश, आणि एकेका फटक्यात नजर. तिथे तो खुर्चीत बसून बघत नाही, उलटं करून पाहत नाही, पांढरा फासत नाही. बाहेर घेणारा उभा असतो. वर्षभराच्या फेव्हिकॉलचा, प्लायचा आणि जहांगीरच्या भाड्याचा पैसा या डोळ्यांतून येतो. मुंबईच्या रसिकांना तो हे सांगत नाही. सांगायला हवं, असं मला वाटतं, पण निवेदनात ते कसं लिहायचं हे त्याला सुचत नाही.

तेव्हा कुणाला चित्र घ्यायचं असेल तर गणपती होऊन जाऊ द्या, दिवाळीनंतर या. तोवर फेव्हिकॉल वाळलेला असतो, बुरशी पुसलेली असते आणि चित्रकार घरी असतो. चित्राच्या मागचा बाण बघून घ्या. 'हे काय आहे' असं विचारू नका, त्याला उत्तर येत नाही. 'हे कशाकशाचं केलंय' असं विचारा, तासभर उठू देणार नाही. भावाची घासाघीस त्याच्याशी खुशाल करा, आईशी करू नका. तिला 23 कोटी 70 लाख हा आकडा पाठ आहे.